चढावर दम टाकणारी लॉरी

जबाब देणार: दौलत लटारू बुरांडे. वय एकवीस वर्षे. शिक्षण इंटर सायन्स, अपुरे. धंदा सध्या काही नाही. राहणार मौजा सावरगट्टा, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा.
ठिकाण: पोलीस चौकी, सावरगट्टा. मार्च १९५७, सोमवार.

मी समक्ष हजर होऊन, कोणी पढवल्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने सांगतो की, शनिवारी दुपारी वाघदेवाच्या चढावर मी लॉरीच्या पेट्रोल टाकीचे टोपण फिरवले, आणि टाकीने फुस्स करून बाहेरची हवा आत ओढली, त्या घटकेला माझे सगळे बदलले. हवालदार साहेब म्हणाले, "असं मधूनच नको, सुरुवातीपासून सांग." माझ्या मते सुरुवात तीच आहे. तरी सांगतो.

लॉरी सागाच्या ठेकेदाराची आहे. लढाईनंतर लिलावात घेतलेली, पेट्रोलवर चालणारी. जंगलातल्या डेपोतून लठ्ठे भरून बल्लारपूरच्या मालधक्क्यावर नेणे हे तिचे काम. ती मनसाराम ड्रायव्हर चालवतो. ठेकेदाराचा इथला कारभार भैयाजी पाहतात आणि तेच या प्रकरणात फिर्यादी आहेत. त्यांची फिर्याद अशी की, मनसाराम वाटेत पेट्रोल विकतो, तेवढे घासलेट टाकीत ओततो, आणि मग चढावर लॉरी बंद पडल्याचे सोंग करतो. शनिवारी लॉरी चढावर बंद पडून मागे घसरली, साखळी तुटली, निम्मे लठ्ठे नाल्यात गेले. माणूस कोणी जखमी नाही. तेव्हापासून मनसाराम चौकीत बसून आहे आणि उद्या त्याला चांद्याला नेणार आहेत. चांद्याला नेले की लायसन गेले. त्याचे भाऊ तळ्यावर मासे धरतात, पण मनसारामचा हात जाळ्यावरून केव्हाच सुटला. स्टिअरिंगशिवाय त्याला दुसरे काही येत नाही.

भैयाजींची माझ्याविरुद्धही तक्रार आहे की मी त्यांची कॉलर धरली आणि लॉरीचे टोपण चोरले. कॉलर धरली हे खरे आहे. टोपण चोरले नाही, खिशात ठेवले. ते आज मी होऊन चौकीत हजर केले.

या लॉरीशी माझा काय संबंध, असे विचारल्यावरून सांगतो की, मी नागपूरला कॉलेजात होतो. मागच्या वर्षी मार्कंड्याच्या जत्रेला आलो. परत नागपूरला जायची मोटार उभी होती, माझी पेटी टपावर चढवलेली होती. बाजूला मनसारामची लॉरी जत्रेची माणसे घेऊन उभी होती आणि तिचे बॉनेट उघडे होते. त्याची मुलगी गोकुळा वैनगंगेतून पाणी आणून रेडिएटरमध्ये ओतत होती. मला म्हणाली, "पाहून काऊन राह्यले? घागर धरा ना." मी घागर धरली. नागपूरची मोटार माझी पेटी घेऊन गेली. पेटी नंतर परत आली. मी पुन्हा कॉलेजात गेलो नाही. याहून जास्त कारण माझ्याजवळ नाही, आणि घरी वडिलांनाही एवढेच सांगितले होते. ते अजून बोलत नाहीत.

तेव्हापासून मी लॉरीवर जातो. पगार नाही. भैयाजी मला "कालेजवाले" म्हणतात.

लॉरीचा रोग या हंगामात सुरू झाला. रोग असा: डेपोत उभी असता इंजिन शिवणयंत्रासारखे चालते. सपाट रस्त्याला भरलेली लॉरी खुशाल पळते. पण डेपोपासून पाच-सहा मैलांवर वाघदेवाचा चढ लागतो. तिथे अ‍ॅक्सिलेटर अर्धा दाबला तर कुरकुरत सरकते, आणि पूर्ण दाबला की पिकअप घ्यायच्या ऐवजी घुटमळते, खोकते, दम टाकते. बंद पडते. मग मनसाराम खाली उतरून टाकीचे टोपण उघडतो, काडी बुडवून पेट्रोल किती आहे ते सगळ्यांना दाखवतो, टोपण लावतो, हँडल मारतो, आणि लॉरी काही झालेच नाही अशी चढून जाते. यावरूनच भैयाजींना संशय आला. ते म्हणायचे, "बैल मालकाले पाहून चालते, तशी हे लॉरी लोकायले पाहून चालते."

मी आधी प्लग साफ केले आणि रोग गेला असे जाहीर केले. गेला नव्हता. मग पॉइंट घासले, पुन्हा जाहीर केले. मग कार्बोरेटर उघडून जेटमध्ये घोड्याच्या शेपटीचा केस फिरवला. मग पंपाचा पडदा बदलला. प्रत्येक वेळी डेपोत लॉरी चांगली चालली आणि चढावर बंद पडली. मनसारामच्या दारावरून जाताना गोकुळा विचारायची, "आज कोणता रोग निघाला, डॉक्टर?" मी रागाने तोंड फिरवत असे. एकदा म्हणाली, "रोगी मरन, पर तुमचं औषध नाई सरनार." मी त्या दिवशी जेवलो नाही. हे लिहायची गरज नाही असे मी म्हटले, पण हवालदार साहेबांचे लिहून झाले होते.

आता शनिवारचे सांगतो. लॉरी घसरून थांबल्यावर मनसाराम उतरला आणि रस्त्यातच डोके धरून बसला. नेहमी टोपण तो उघडतो. त्या दिवशी त्याच्यात उठायचा जीव नव्हता, म्हणून मी उघडायला गेलो. टोपण फिरेना. जोर लावला तेव्हा फुस्स आवाज होऊन हवा आत गेली आणि टोपण हातात आले. मनसारामने हेच टोपण या हंगामात कितीदा तरी उघडले असेल, पण त्याचा उजवा कान इंजिनाने कधीच खाल्लेला आहे, आणि डाव्यालाही बारीक आवाज येत नाही. त्याला तो आवाज आला नाही.

मी टोपण पाहिले. अशा टोपणाला मधोमध बारीक भोक असते. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा यावी म्हणून. या टोपणाला भोक दिसत नव्हते. त्यावर शेंदराचा थर होता, बोराच्या बीएवढा जाड आणि दगडासारखा टणक.

याचा खुलासा असा. चढाच्या पायथ्याशी वाघदेवाचा दगड आहे. बैलगाडी असो की लॉरी, तिथे थांबल्याशिवाय कोणी चढत नाही. देवाला शेंदूर लावायचा आणि उरलेला गाडीला. आधी मनसाराम बॉनेटला लावायचा. या हंगामात त्याने टाकीच्या टोपणालाही लावायला घेतला, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे टाकी म्हणजे लॉरीचे पोट आहे, आणि पोटाची राखण आधी. ज्या दिवशी लॉरी बंद पडे त्याच्या दुसऱ्या दिवशी तो टोपणावर एक बोट जास्त फासत असे. आमच्या भागात शेंदूर जवसाच्या तेलात कालवतात, कारण घरात तेच तेल असते. जवसाचे तेल वाळले की आवळून बसते. नागपूरला नळ जोडणारे लोक पेचातून पाणी गळू नये म्हणून हाच लेप लावताना मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

शेंदूर कोणी कालवून दिला, असे हवालदार साहेबांनी विचारले. त्या प्रश्नाचा या गुन्ह्याशी संबंध नाही, असे मी उत्तर दिले.

इतक्यात भैयाजी सायकलवर आले. मी त्यांना सांगितले, "भैयाजी, टाकीनं हवा ओढली. हवा नव्हती म्हणून पेट्रोल येत नव्हतं." ते म्हणाले, "टाकी का हुक्का पिते का बे?" मी म्हटले, ऐकून तर घ्या. ते म्हणाले, "तुयं कालेज गेलं, आता अक्कलबी गेली. पोरीपायी चोराची वकिली करून राह्यला." या वाक्यानंतर मी कॉलर धरली. बटण एक तुटले. मनसारामनेच मला मागे ओढले. त्यानंतर त्याला चौकीत नेले.

आज सकाळी मी टोपण घेऊन इथे आलो आणि वरील हकिकत सांगितली. हवालदार साहेब म्हणाले, "शेंदरानं लॉरी बंद पडते, हे मी चांद्याच्या साहेबाले कोणत्या तोंडानं सांगू?" मी म्हटले, घासलेटाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गचके देत पडते की नाही? दुसऱ्या बाजूला भोक पाडले की धार लागते. ते म्हणाले, "हे तं माह्या बायकोलेबी माईत आहे." मी म्हटले, मग साहेबांना तेच सांगा. त्यांनी टोपण उजेडाला धरून पाहिले आणि ते टोपी घालून उठले. येथे जबाब थांबवला.

पुढील जबाब दुपारी, चढावरून परत आल्यावर, असा:

आम्ही चढाच्या पायथ्याशी गेलो. हवालदार साहेब, भैयाजी, मनसाराम आणि जंगल नाक्यावरचा नाकेदार इस्तारी हजर होते. गोकुळा बापाची शिदोरी घेऊन चौकीत आली होती, ती मागून चालत आली. तिला कोणी बोलावले नव्हते आणि कोणी परत जा म्हटले नाही. लॉरी भरून आणलेली होती, टाकीच्या तोंडाला टोपणाऐवजी चिंधी कोंबून. मी अट घातली की लॉरी मनसारामने चालवायची नाही, मीही नाही, भैयाजींनी स्वतः चालवावी, म्हणजे पायाचे सोंग कोणी म्हणणार नाही. भैयाजींना मोटार चालवता येते. ते म्हणाले, "तू पाळण्यात होता तेव्हापासून हाकून राह्यलो." मी सगळ्यांसमोर टोपण वर धरले, शेंदराचा थर दाखवला, भोक बुजले आहे हे दाखवले, मग टाकीवर घट्ट बसवले आणि म्हणालो, आता ही चढणार नाही.

लॉरी चढली. पूर्ण अ‍ॅक्सिलेटरवर, एकदाही न खोकता, थेट माथ्यापर्यंत. भैयाजींनी वरून भोंगा वाजवला. खाली येऊन म्हणाले, "पाहा हवालदार साहेब. चोर खाली उतरला, लॉरी वर चढली."

मनसारामने माझ्याकडे पाहिले नाही. तो वाघदेवाच्या दगडाकडे पाहत होता. हवालदार साहेब वही मिटायला लागले. मी त्या वेळी बरेच काही बोललो. काय बोललो ते इस्तारीने ऐकले आहे, त्याच्या जबाबात यायचे असेल तर येऊ द्या. गोकुळा म्हणाली, "ओरडून का होते? शनिवारी आन आता, का येगळं झालं ते सांग ना." ती मला अरे-तुरे पहिल्यांदाच बोलली. मी शनिवारचे आठवायला लागलो.

वेगळे एवढेच होते की टोपण मी डेपोत नव्हे, पायथ्याशी बसवले होते. मिरवायला म्हणून. तोवर टाकीच्या तोंडाला नुसती चिंधी होती, आत हवा भरलेली होती, आणि तेवढी हवा चढ चढायला पुरली. मनसाराम काय करत होता? लॉरी बंद पडली की पेट्रोल दाखवायला टोपण उघडत होता. त्यानेच ती चालू होत होती. चोर नाही हे दाखवायला गेला आणि त्यानेच चोर ठरला. मी हे सगळे एका दमात बोललो. कोणाला समजले असे वाटले नाही. मग मी हवालदार साहेबांना हात जोडले. मी सहसा कोणाला जोडत नाही. म्हटले, एक डाव डेपोपासून. टोपणाला कोणी हात लावायचा नाही.

भैयाजी म्हणाले, "मी का रिकामा बसलो का?" हवालदार साहेब म्हणाले, "फिर्याद तुमची आहे ना जी? मंग चालवा."

लॉरी डेपोत नेली. हवालदार साहेबांनी टाकी काठोकाठ भरून घेतली आणि टोपणावर आपला रुमाल बांधून गाठीवर लाख लावली. ते भैयाजींशेजारी बसले, मी वर लठ्ठ्यांवर. मनसाराम, गोकुळा आणि इस्तारी चढावर थांबले होते. रस्ताभर लॉरी अगदी छान चालली. मोहाची झाडे जात होती आणि मला काही दिसत नव्हते. माझे सगळे लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होते. ती बंद पडावी म्हणून मी वाघदेवाला विनवले. लॉरी बंद पडावी असे मागणारा त्याला मी पहिलाच असेन.

पायथ्याशी लॉरी कचरली नाही. पहिले वळण चढली. दुसऱ्या वळणावर भैयाजींनी गिअर खाली टाकून पाय पूर्ण दाबला, आणि लॉरी घुटमळली. खोकली. भैयाजींनी पाय सोडून पुन्हा दाबला. पुन्हा खोकली, सगळे लठ्ठे हादरले, आणि इंजिन बंद. इस्तारीने धावत येऊन मागच्या चाकांना दगड लावले.

मग हवालदार साहेब कॅबिनमधूनच म्हणाले, "भैयाजी, घासलेट केव्हा टाकलं जी?"

इस्तारी हसून खालीच बसला. भैयाजी हसले नाहीत. हवालदार साहेबांनी स्वतः उतरून लाख फोडली, रुमाल सोडला आणि टोपण फिरवले. फिरेना. दोन्ही हातांनी फिरवले. टाकीने फुस्स केले, ते मनसाराम सोडून सगळ्यांनी ऐकले. मनसारामला गोकुळाने त्याच्या डाव्या कानात सांगितले. त्याने कानाला हात लावला आणि विचारले, "देवाच्या शेंदरानं?" ती म्हणाली, "हो बाबा."

मी खिशातला चाकू काढून थर खरडायला लागलो. मनसारामने माझे मनगट धरले. "देवाचं आहे बे. खरडू नोको." मी म्हटले, मग लॉरी अशीच उभी ठेवायची का? शेवटी इस्तारी म्हणाला, "भाऊ, देवानं राखण केली, नाई नाई म्हनत नाई. पर राखनदारानं दार लावलं तं घरवाल्यानं श्वास कुठून घ्यावा? लहानशी खिडकी ठेवा ना." मनसारामने यावर बराच विचार केला. मग बाभळीचा लांब काटा आणायला सांगितले. तो त्याने स्वतः, दगडाने ठोकत, शेंदरातून आरपार घातला आणि काढून घेतला. टोपण तोंडाला लावून फुंकून पाहिले. हवा गेली. थर तसाच राहू दिला.

हवालदार साहेबांनी टाकीतले पेट्रोल एका बशीत घेऊन उन्हात पेटवले. काजळी धरली नाही, मागे तेलकट काही राहिले नाही. घासलेट नव्हते. मग लॉरी पायथ्यापर्यंत मागे सोडली, वळवून डेपोत नेली आणि तिथून मनसारामने ती चालवत आणली. टोपण घट्ट. दुसऱ्या वळणावर त्याने पाय पूर्ण दाबला, इतका की आम्हाला पायथ्यापासून इंजिन ऐकू आले, आणि तो आवाज कुठेही न अडखळता माथ्यावर गेला, पलीकडे उतरला, आणि तरी येतच राहिला. गोकुळाने पदर तोंडाला लावला होता. ती रडत होती की हसत होती हे मी नक्की सांगू शकत नाही, म्हणून लिहायला सांगत नाही.

भैयाजींनी चौकीत येऊन फिर्याद मागे घेत असल्याचे सांगितले आहे, ते वेगळे लिहून घेतले आहे. नाल्यातले लठ्ठे वर काढायला आम्ही सगळे उद्या जाणार आहोत, भैयाजींसुद्धा. कॉलरबद्दल मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "नवी कमीज होती बे." गोकुळा म्हणाली की बटण ती लावून देईल.

गोकुळाशी माझे काय नाते, असे शेवटी विचारले. लिहून घेण्यासारखे अजून काही नाही.

पुढे काय करणार, असे विचारले. त्याचे उत्तर मला आताच मिळाले. मनसाराम दारात येऊन म्हणाला, "पोरा, बल्लारपूरले चालतं का? वरतं नाई, कॅबिनात बस. रस्त्यानं हे फुस्सचं पुन्हा एकडाव सांगशीन, डाव्या कानानं." मी म्हटले, वडिलांना विचारून येतो. तो म्हणाला, "विचार. आम्ही थांबतो." तेव्हा इथून आधी घरी जाईन. वडील बोलले नाहीत तरी सांगून निघेन.

वरचा मजकूर हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. बाहेर लॉरी चालू ठेवलेली असल्याने दोन ठिकाणी त्यांना पुन्हा वाचावे लागले. मी बोललो तसाच तो आहे. गोकुळाचा "ओरडून" हा शब्द मला मान्य नव्हता, पण राहू दिला. खाली सही करतो. त्या आवाजात पुढचा जबाब लिहिता येत नाही असे साहेब म्हणतात, तेव्हा मी निघतो, आणि जाताना दार लोटून घेतो.

सही: दौलत लटारू बुरांडे